लिंक कोण उघडणार?

नेटवर्क्सच्या ओरलला हमखास येणारा प्रश्न कोणता? "ब्राउझरमध्ये यूआरएल टाइप करून एंटर दाबलं की काय होतं?" आपण लगेच पोपटासारखे सुरू होतो. डीएनएस, मग टीसीपीचं थ्री-वे हँडशेक, मग टीएलएस, मग रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, रेंडरिंग. एक्स्टर्नल खूश, आपणही खूश.

पण या उत्तरात ब्राउझर आधीच उघडा आहे हे आपण गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात दिवसातल्या कितीतरी लिंका आपण ब्राउझरच्या बाहेरच क्लिक करतो. नोटीसच्या पीडीएफमधली लिंक, मेल ॲपमधली, चॅटमधली, वर्ड फाइलमधली. मशीनवर क्रोम असतो, फायरफॉक्स असतो, विंडोज असेल तर एज असतोच. मग या तिघांतला नेमका एकच उठून कामाला का लागतो? त्याला कुणी उठवलं? आणि कुणाच्या सांगण्यावरून?

हा प्रश्न आपल्या सिलॅबसमध्ये कुठेच नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकात प्रोसेस, पेजिंग आणि डेडलॉक आहेत. नेटवर्क्सच्या पुस्तकात सगळं वायरीवरचं आहे. मधला हा तुकडा दोघांच्याही हद्दीबाहेर पडलाय. म्हणूनच मराठी विभागासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी हा विषय घेतला. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे भाषा अधूनमधून कॉन्व्हेंटी वळण घेईल. सर-मॅडमनी आणि तुम्ही सगळ्यांनी तेवढं सांभाळून घ्या.

वॉचमनकाकांची वही

समजा, हॉस्टेलच्या गेटवर दिवसभर पार्सलं येताहेत. पार्सल आणणाऱ्या पोराला कॅम्पसमधलं काही माहीत नाही. तो पार्सल वॉचमनकाकांच्या टेबलावर ठेवतो आणि निघून जातो. काका पार्सल फोडून बघत नाहीत. वर लिहिलेला पहिला शब्द तेवढा वाचतात. 'मेस' असेल तर वहीत मेससमोर ज्याचं नाव आहे त्याला हाक मारतात. 'लायब्ररी' असेल तर लायब्ररीसमोर ज्याचं नाव आहे त्याला. वहीतलं नाव कुणी बदललं की दुसऱ्या दिवसापासून हाक बदलते. पार्सल तेच, काकाही तेच.

कॉम्प्युटरमध्येही असंच चालतं. पीडीएफ रीडर किंवा चॅटचं ॲप म्हणजे पार्सल आणणारा पोरगा. त्याला वेबपेज दाखवता येत नाही, म्हणून तो लिंक ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात देतो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काका. आणि वही म्हणजे डिस्कवरची एक छोटीशी नोंद.

मला सांगायचंय ते एवढंच. लिंक स्वतः ब्राउझर निवडत नाही. क्लिक करताना आपणही निवडत नाही. निवड वहीत आधीच झालेली असते. म्हणून ती वही कुठे ठेवलीय, कशी वाचायची आणि तिच्यात लिहायचा हक्क कुणाला, हे निदान इंजिनिअरिंगच्या मुलांना तरी ठाऊक हवं.

पहिला शब्द कोणता?

कुठलीही लिंक घ्या. पहिल्या कोलनच्या आधी जे लिहिलेलं असतं त्याला स्कीम म्हणतात. 'एचटीटीपीएस' ही एक स्कीम. 'मेलटू' ही दुसरी, तिच्यापुढे मेल आयडी येतो. 'टेल' ही तिसरी, तिच्यापुढे फोन नंबर. हा साचा टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९९४ मध्ये आरएफसी १७३८ या कागदात मांडला. पुढे जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ मध्ये तो अधिक नेटका झाला. काका वाचतात तो शब्द म्हणजे ही स्कीम.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात, कारण नेमका इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

पहिली गोष्ट. लिंकच्या शेवटी 'डॉट पीडीएफ' असलं तरी ती पीडीएफ रीडरकडे जात नाही, ब्राउझरकडेच जाते. कारण काकांनी 'एचटीटीपीएस' वाचलं आणि तिथेच थांबले. ब्राउझर सर्व्हरकडे जातो, सर्व्हर 'कंटेंट-टाइप' या हेडरमध्ये सांगतो की ही पीडीएफ आहे, आणि मग ती स्वतः दाखवायची की डाउनलोड करायची हे ब्राउझर ठरवतो. म्हणजे निवड दोनदा होते. एकदा काकांच्या टेबलावर, स्कीमवरून. दुसऱ्यांदा ब्राउझरच्या आत, कंटेंटवरून.

दुसरी गोष्ट. डेस्कटॉपवर सेव्ह केलेल्या एचटीएमएल फाइलवर डबल-क्लिक करणं आणि वेबच्या लिंकवर क्लिक करणं या दोन वेगळ्या ओळी आहेत. फाइलसाठी विंडोज एक्स्टेन्शन बघतं, लिनक्स माइम टाइप बघतं. लिंकसाठी दोघंही स्कीम बघतात. त्यामुळे लिंका फायरफॉक्समध्ये उघडताहेत आणि वेब टेक्नॉलॉजीच्या प्रॅक्टिकलची फाइल मात्र एजमध्ये, असं झालं तर मशीन बिघडलेलं नाही. वहीत दोन ओळी आहेत आणि त्यांच्यासमोर दोन नावं आहेत, एवढंच. 'एचटीटीपी' आणि 'एचटीटीपीएस' यांच्या ओळीसुद्धा वेगवेगळ्या असतात, बरं का.

विंडोजची वही

विंडोजमध्ये वही म्हणजे रजिस्ट्री. एखाद्या प्रोग्रामला लिंक उघडायची असली की तो 'शेल-एक्झिक्यूट' या फंक्शनला लिंक देतो आणि बाजूला होतो. पुढचं काम शेलचं.

जुन्या विंडोजमध्ये, म्हणजे ९८ किंवा एक्सपीच्या काळात, रचना सरळ होती. रजिस्ट्रीमध्ये 'एचकी क्लासेस रूट' या फांदीखाली 'एचटीटीपी' नावाची की. तिच्यात 'यूआरएल प्रोटोकॉल' नावाची एक रिकामी व्हॅल्यू. ही व्हॅल्यू दिसली की शेलला कळतं, ही नुसती की नाही, ही स्कीम आहे. मग आत 'शेल', त्याच्या आत 'ओपन', त्याच्या आत 'कमांड'. या कमांडमध्ये ब्राउझरच्या एक्झी फाइलचा पूर्ण पाथ आणि शेवटी डबल कोटमध्ये '%१'. त्या टक्का-एकच्या जागी शेल आपली लिंक भरतो आणि प्रोग्राम चालू करतो. सी प्रोग्रामिंगमध्ये आपण आर्ग-व्ही शिकलो, ते इथे असं उपयोगी पडतं.

या पद्धतीत एक अडचण होती. रजिस्ट्रीत लिहायची परवानगी असलेला कुठलाही प्रोग्राम ही ओळ गुपचूप बदलू शकायचा. प्रत्येक ब्राउझर इन्स्टॉल होताना आधीच्याचं नाव खोडून स्वतःचं लिहायचा. "मी तुमचा डिफॉल्ट ब्राउझर नाही, करू का?" हा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा डायलॉग बॉक्स याच भांडणातून आलेला आहे.

मग २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाने वहीत प्रत्येक युजरसाठी वेगळं पान दिलं. त्याचं नाव 'युजरचॉइस'. ते 'एचकी करंट युजर'खाली, 'यूआरएल-असोसिएशन्स' या कीच्या आत स्कीमच्या नावापाशी असतं. त्यात ब्राउझरचा पाथ नसतो, 'प्रोगआयडी' नावाचं एक टोपणनाव असतं. क्रोमचं 'क्रोम-एचटीएमएल', एजचं 'एमएस-एज-एचटीएम'. शेल आधी युजरचॉइसमधून टोपणनाव उचलतो, मग त्या टोपणनावाची 'कमांड' शोधतो, मग प्रोग्राम चालवतो. डेटा स्ट्रक्चर्सच्या भाषेत सांगायचं तर एक पॉइंटर वाढला.

२०१२ मध्ये विंडोज ८ ने पुढचं पाऊल टाकलं. युजरचॉइसमध्ये प्रोगआयडीच्या शेजारी 'हॅश' नावाची व्हॅल्यू आली. बाहेरच्या प्रोग्रामने नुसतं नाव बदललं तर हॅश जुळत नाही आणि विंडोज ती नोंद मानत नाही. पुढे हा हॅश कसा काढतात ते लोकांनी उलगडलं आणि तो तयार करणारी टूल्स आली. मग २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने यूसीपीडी नावाचा ड्रायव्हर आणला. तो अशा टूल्सना एचटीटीपी, एचटीटीपीएस आणि पीडीएफ यांच्या ओळींना हातच लावू देत नाही. म्हणजे आता वहीला कुलूप आहे. चोरापासून संरक्षण होतं हे खरं. पण किल्ली कुणाकडे आहे हाही प्रश्न उरतो. त्याकडे पुढे येऊ.

लिनक्सची वही

लिनक्स मला जास्त आवडतं, कारण इथली वही चक्क टेक्स्ट फाइल आहे. कुठल्याही एडिटरमध्ये उघडा आणि वाचा.

इथे प्रत्येक ग्राफिकल ॲप्लिकेशनची एक 'डॉट डेस्कटॉप' फाइल असते. सगळ्यांसाठी असेल तर 'यूएसआर-शेअर-ॲप्लिकेशन्स' या फोल्डरमध्ये, एकट्या युजरसाठी असेल तर त्याच्या होमखालच्या 'डॉट लोकल'मध्ये. ही फाइल म्हणजे त्या ॲप्लिकेशनचा बायोडेटा. त्यात 'एक्झेक' या ओळीवर चालवायची कमांड असते, शेवटी '%यू', जिथे लिंक भरली जाते. आणि 'माइमटाइप' या ओळीवर त्याला काय काय उघडता येतं त्याची यादी. ब्राउझरच्या यादीत 'एक्स-स्कीम-हँडलर/एचटीटीपीएस' असा शब्द सापडेल. गंमत बघा, यादी माइम टाइपची आहे, पण स्कीमलाच माइम टाइपचा वेश घालून तिच्यात बसवलंय. त्यामुळे फाइल आणि लिंक या दोन्हींसाठी एकच वही पुरते.

बायोडेटा अनेकांचे असतात, नोकरी एकालाच. ती कुणाला द्यायची ते 'माइमॲप्स डॉट लिस्ट' या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. युजरची स्वतःची फाइल होमखालच्या 'डॉट कॉन्फिग'मध्ये असते. 'डिफॉल्ट ॲप्लिकेशन्स' या शीर्षकाखाली एका बाजूला स्कीम, मध्ये बरोबरचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला डॉट डेस्कटॉप फाइलचं नाव. आधी युजरची फाइल बघितली जाते, तिथे नोंद नसेल तर ॲडमिनने 'ईटीसी'मध्ये ठेवलेली, मग डिस्ट्रिब्युशनबरोबर आलेली. जवळची नोंद लांबच्या नोंदीवर मात करते. सी++ मधला लोकल व्हेरिएबल ग्लोबलला झाकतो तसंच.

आणि काका? त्यांचं नाव 'एक्सडीजी-ओपन'. २००६ पासून एक्सडीजी-यूटिल्स या संचातून येणारी ही एक साधी शेल स्क्रिप्ट आहे. ती आधी बघते की समोर कुठला डेस्कटॉप चालू आहे. नोम असेल तर काम नोमच्या टूलला देते, केडीई असेल तर केडीईच्या. ओळखीचा डेस्कटॉप सापडला नाही तर स्वतः माइमॲप्स वाचते, आणि 'ब्राउझर' नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही विचारात घेते. शेल स्क्रिप्टिंग शिकणाऱ्यांनी ही स्क्रिप्ट एकदा वाचावीच. मूळ सोर्स आपल्याच मशीनवर पडलेला असतो.

अलीकडे यात एक पायरी वाढलीय. स्नॅप किंवा फ्लॅटपॅकमधलं ॲप सँडबॉक्समध्ये, म्हणजे बंद खोलीत चालतं. त्याला बाहेरचा प्रोग्राम थेट सुरू करता येत नाही. ते डी-बसवरून 'पोर्टल' नावाच्या मध्यस्थाला निरोप देतं, "ही लिंक उघडा", आणि पोर्टल खोलीबाहेर ब्राउझर सुरू करतं. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्सच स्नॅप म्हणून येतो, त्यामुळे त्याच्या डेस्कटॉप फाइलचं नावही बदललं. जुन्या ब्लॉगवरच्या कमांड्स उबुंटूवर चालल्या नाहीत तर हे एक कारण असू शकतं.

मॅकची वही

आपल्याकडे मॅकवाले मोजकेच, पण तिथला इतिहास मजेदार आहे. १९९४ मध्ये क्विन आणि पीटर लुईस या दोघा ऑस्ट्रेलियन प्रोग्रामर्सनी 'इंटरनेट कॉन्फिग' नावाची एक सोय लिहिली आणि पब्लिक डोमेनमध्ये देऊन टाकली. कुठल्या स्कीमला कुठलं ॲप्लिकेशन, ही माहिती प्रत्येक प्रोग्रामने वेगळी ठेवण्याऐवजी एका जागी ठेवायची, ही तिच्यातली मुख्य कल्पना. पुढे ॲपलने ती मॅक ओएसमध्येच सामावून घेतली.

आताच्या मॅकओएसमध्ये हे काम 'लॉन्च सर्व्हिसेस' करतात. प्रत्येक ॲपच्या आत 'इन्फो डॉट पीलिस्ट' नावाची फाइल असते, तिच्यात ते ॲप आपल्याला झेपणाऱ्या स्कीम जाहीर करतं. एखाद्या ॲपला डिफॉल्ट ब्राउझर व्हायचं असेल तर सिस्टिम स्वतः युजरला विचारते, नवा वापरायचा की आहे तोच ठेवायचा. ॲपने परस्पर लिहायचं नाही, मालकाला विचारून लिहायचं.

वहीसाठी भांडणं

एवढ्याशा नोंदीसाठी एवढी कुलुपं कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण इतिहास वाचल्यावर कळतं की ही ओळ ज्याच्या हातात, त्याच्या हातात जगभरातले क्लिक.

मे १९९८ मध्ये अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. बहुतेकांना त्यातलं इंटरनेट एक्स्प्लोरर विंडोजला जोडल्याचं प्रकरण माहीत असतं. पण आरोपांत हाही एक मुद्दा होता की युजरने दुसरा डिफॉल्ट ब्राउझर निवडला असला तरी विंडोज ९८ काही वेळा ती निवड डावलून एक्स्प्लोररच उघडतं. जून २००१ मध्ये अपील कोर्टाने मायक्रोसॉफ्टला अनेक बाबतीत दोषी धरलं, या एका मुद्द्यावर मात्र नाही. विंडोजच्या हेल्प आणि अपडेटला लागणाऱ्या गोष्टी नेव्हिगेटरमध्ये नाहीत, हे कंपनीचं तांत्रिक कारण सरकारला खोडून काढता आलं नव्हतं. आपल्यासाठी यात धडा आहे. टेक्निकल कारण पटणारं असेल तर ते कोर्टातही टिकतं, आणि समोरच्याला खोडायचं असेल तर त्यालाही टेक्निकल अभ्यास लागतो.

युरोपात डिसेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये ब्राउझर निवडायचा स्क्रीन दाखवायचं कबूल केलं. पण विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये हा स्क्रीन मे २०११ ते जुलै २०१२ पर्यंत आलाच नाही. मार्च २०१३ मध्ये युरोपियन कमिशनने त्यासाठी ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड केला.

विंडोज १० आलं तेव्हा, जुलै २०१५ मध्ये, मोझिलाचे तेव्हाचे प्रमुख ख्रिस बिअर्ड यांनी सत्या नडेला यांना जाहीर पत्र लिहिलं. अपग्रेड करताना लोकांनी आधी निवडलेला ब्राउझर बाजूला पडतो, अशी त्यांची तक्रार होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं, तेव्हा ब्राउझर बदलायला प्रत्येक स्कीम आणि प्रत्येक एक्स्टेन्शन वेगवेगळं बदलावं लागायचं. ओरड झाल्यावर मार्च २०२२ च्या अपडेटमध्ये एका बटणावर काम होऊ लागलं.

यातला सर्वांत हुशार डाव मात्र स्कीममध्येच दडलेला आहे. विंडोजच्या सर्च आणि विजेट्समधून येणाऱ्या लिंका 'एचटीटीपीएस'ने सुरू न होता 'मायक्रोसॉफ्ट-एज' या स्कीमने सुरू होतात. म्हणजे पार्सलवर पहिला शब्दच असा लिहायचा की वहीत एकच नाव असेल! या स्कीमची ओळ आपल्याकडे वळवून लिंक तुमच्या निवडलेल्या ब्राउझरला देणारं 'एज-डिफ्लेक्टर' नावाचं एक छोटं टूल होतं. नोव्हेंबर २०२१ च्या सुमारास ती वाट बंद करण्यात आली. युरोपात मार्च २०२४ पासून डिजिटल मार्केट्स ॲक्टच्या जबाबदाऱ्या लागू झाल्या आणि तिथल्या विंडोजला अशा ठिकाणीही युजरची निवड पाळावी लागते. आपल्या देशात तसा नियम लागू नाही. तेव्हा सर्चमधून उघडलेली बातमी तुम्ही न निवडलेल्या ब्राउझरमध्ये दिसली तर दोष तुमच्या सेटिंगचा नाही, पहिल्या शब्दाचा आहे.

काकांना फसवणारे

आता सिक्युरिटी. काका पार्सल फोडत नाहीत, हे मी वर दोनदा सांगितलं. तीच त्यांची कमजोरी.

जुलै २००७ मध्ये 'फायरफॉक्स-यूआरएल' या स्कीमची गडबड उघड झाली. फायरफॉक्स इन्स्टॉल झाला की ही स्कीम रजिस्ट्रीत लिहिली जायची. कुणी एक्स्प्लोररमध्ये एखादं दुष्ट पान उघडलं आणि त्यातल्या लिंकमध्येच डबल कोटचं चिन्ह असलं, तर '%१' भोवतीचे कोट मध्येच बंद व्हायचे आणि लिंकचा उरलेला भाग फायरफॉक्सला कमांड-लाइन ऑप्शन म्हणून मिळायचा. म्हणजे लिंक ही लिंक न राहता हुकूम व्हायची. चूक कोट न तपासणाऱ्या एक्स्प्लोररची, की हवं ते गिळणाऱ्या फायरफॉक्सची, यावर बरीच वादावादी झाली. शेवटी फायरफॉक्सने त्याच महिन्यात आपली बाजू दुरुस्त केली, आणि विंडोजमधल्या लिंक हाताळणीतल्या अशाच एका दोषासाठी मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००७ मध्ये पॅच काढला. डीबीएमएसमधलं एसक्यूएल इंजेक्शन आठवलं ना? तोच रोग, फक्त वॉर्ड वेगळा.

हा रोग जुना झाला असं समजू नका. मे २०२२ मध्ये 'फॉलिना' नावाचा हल्ला गाजला. वर्डची फाइल बाहेरून एक पान ओढायची, ते पान 'एमएस-एमएसडीटी' या स्कीमची लिंक हाक मारायचं, आणि विंडोजचं दुरुस्तीचं टूल हल्लेखोराच्या कमांड्स चालवायचं. जूनमध्ये पॅच येईपर्यंत मायक्रोसॉफ्टने सुचवलेला तात्पुरता उपाय काय होता माहितीये? रजिस्ट्रीतून ती स्कीमच काढून टाका. वहीतलं पानच फाडा, म्हणजे काका हाक मारणार कुणाला!

म्हणून ब्राउझरने "ही लिंक अमुक ॲपमध्ये उघडू का?" असं विचारलं तर सवयीने 'ओपन' दाबू नका. तो प्रश्न म्हणजे काकांनी पार्सल देण्याआधी तुम्हाला खाली बोलावून विचारणं आहे. तुम्ही मीटिंगची लिंक दाबली असेल आणि मीटिंगचं ॲप उघडत असेल तर ठीक. काहीच मागवलं नसताना पार्सल आलं असेल तर परत पाठवा.

आपल्या विंगमधली गोष्ट

हे सगळं हॉस्टेलला कुठे लागू होतं ते सांगतो. आमच्या विंगमध्ये चौघांत मिळून एक डेस्कटॉप आहे आणि चौघं एकाच लॉगिनने तो वापरतात. मागच्या सेमला एका मित्राने इंटर्नशिपच्या नोटीसच्या पीडीएफमधल्या लिंकवर क्लिक केलं. ब्राउझर उघडला, फॉर्म आला, त्याने मन लावून भरला. पण त्या ब्राउझरमध्ये लॉगिन होतं रूम पार्टनरचं. फॉर्मने मेल आयडी आपोआप उचलला आणि इंटरव्ह्यूची वेळ सांगणारा मेल गेला पार्टनरच्या इनबॉक्समध्ये. पार्टनर दिवाळीला गावी. मेल तीन दिवसांनी वाचला गेला, तोवर स्लॉट गेला होता.

दोष कुणा एकाचा नव्हता. नोंद युजरनिहाय असते, पण इथे चौघांत युजर एकच. एकाने सोमवारी डिफॉल्ट बदललं की मंगळवारी ते चौघांचं डिफॉल्ट. त्यात आणखी एक भर. ऑपरेटिंग सिस्टिम फक्त ब्राउझर निवडते, त्यातलं प्रोफाइल निवडत नाही. ब्राउझर आधीच चालू असेल तर नवीन प्रोसेस लिंक त्याच्याच हातात देऊन बंद होते, आणि लिंक सहसा शेवटी वापरलेल्या प्रोफाइलच्या खिडकीत उघडते. तिथे कुणाचं लॉगिन आहे याच्याशी काकांना देणंघेणं नसतं.

उपाय सोपा आहे. चौघांची चार युजर अकाउंट्स करा. दहा मिनिटांचं काम आहे. चार वह्या होतील आणि भांडणंही कमी होतील. ते जमत नसेल तर निदान स्कॉलरशिप, परीक्षा फॉर्म किंवा बँकेच्या लिंकवर थेट क्लिक न करता ती कॉपी करून आपल्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये पेस्ट करा. पेस्ट करताना पूर्ण पत्ता डोळ्यांखालून जातो, हा वरचा फायदा.

आता घरचा अभ्यास

नुसतं वाचून काही डोक्यात राहत नाही, म्हणून हे प्रॅक्टिकल. कमांड्स अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

१. विंडोजवर सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स इथे जा. सर्चच्या चौकटीत आधी एचटीटीपी, मग एचटीटीपीएस, मग डॉट एचटीएमएल टाका आणि समोर कुणाचं नाव आहे ते लिहून घ्या. रजिस्ट्री एडिटरमध्ये युजरचॉइस बघायचं असेल तर जरूर बघा, पण हात लावू नका.

२. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'एक्सडीजी-सेटिंग्ज गेट डिफॉल्ट-वेब-ब्राउझर' ही कमांड द्या. मग 'डॉट कॉन्फिग'मधली माइमॲप्स डॉट लिस्ट उघडून उत्तर जुळतं का ते पडताळा.

३. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'डेस्कटॉप अँड डॉक' या पानावर डिफॉल्ट वेब ब्राउझरची ओळ सापडेल. २०२२ च्या व्हेंचुरापासून ती तिथे गेलीय.

४. आता खरी गंमत. लिनक्सवर स्वतःची स्कीम तयार करा. नाव ठेवा 'हॉस्टेल'. एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहा, जी तिला मिळालेली लिंक एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवेल. तिची एक डॉट डेस्कटॉप फाइल बनवा, 'एक्झेक'च्या ओळीवर स्क्रिप्टचा पाथ आणि '%यू', माइमटाइपच्या ओळीवर 'एक्स-स्कीम-हँडलर/हॉस्टेल'. ती होमखालच्या ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये ठेवा, 'एक्सडीजी-माइम डिफॉल्ट' या कमांडने तिला नोकरी द्या आणि एक्सडीजी-ओपनला 'हॉस्टेल:मेस' ही लिंक द्या. टेक्स्ट फाइलमध्ये ओळ उमटली की समजा, वहीत तुमचं नाव लागलं.

फक्त एक पथ्य पाळा. स्क्रिप्टमध्ये मिळालेली लिंक 'इव्हॅल'ला देऊ नका, आणि व्हेरिएबलभोवतीचे डबल कोट विसरू नका. २००७ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांना जे महागात पडलं, ते आपण मिनी-प्रोजेक्टमध्ये फुकटात शिकू शकतो.

डिफॉल्ट हा शब्द आपण इतका सहज वापरतो, जणू ती गोष्ट निसर्गानेच ठरवलीय. तसं काही नसतं. प्रत्येक डिफॉल्ट म्हणजे कुणीतरी, कधीतरी, कुठेतरी लिहिलेली एक ओळ. ती ओळ आपली असेल तर उत्तम. दुसऱ्या कुणाची असेल तर निदान ती कुणाची आहे, हे तरी आपल्याला माहीत असावं. आज रात्री मेसला जायच्या आधी पाच मिनिटं काढा आणि आपली वही एकदा उघडून बघा.